भुताच्या सिनेमातली तीन मिनिटं

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, त्यातली एकोणीस इथे शारजात. दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते. हॉटेलच्या मेन्यूवरची दिसते, इथल्या मराठी मंडळाच्या पत्रिकेवरची दिसते, आणि नवऱ्याने केलेल्या आमटीतली तर नुसत्या वासावरून कळते. घरातले मला यावरून चिडवतात आणि मला त्याचा छुपा अभिमान आहे. म्हणजे होता. गेल्या वर्षी एका शनिवारी दुपारी माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच टीव्हीसमोर त्या अभिमानाचं जे झालं, ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

आम्ही शारजातल्या अल मजाज भागात अकराव्या मजल्यावर राहतो. चार वर्षांपूर्वी समोरच्या फ्लॅटमध्ये एक सुदानी डॉक्टर राहायला आल्या, सोबत सहा वर्षांची मुलगी. नवरा अबुधाबीला नोकरीला, तो फक्त सुट्टीला यायचा. डॉक्टरबाईंचं क्लिनिक संध्याकाळी सातला सुटायचं आणि मुलीची शाळेची बस साडेतीनलाच दारात येऊन उभी राहायची. मधले साडेतीन तास ती मुलगी खाली वॉचमनच्या टेबलाशेजारी दप्तर मांडीवर घेऊन बसायची. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. तीन दिवस मी ते पाहिलं, चौथ्या दिवशी वॉचमनकडून नंबर घेऊन तिच्या आईला फोन लावला. म्हटलं, माझा मुलगा शिकायला लांब गेलाय, घर रिकामं आहे, उद्यापासून पोरगी सातपर्यंत माझ्याकडे. विचारलं नाही, सांगितलंच.  बाई म्हणाल्या, "थँक्यू, हबीबती." हबीबती म्हणजे अरबीत लाडकी. दुसऱ्या दिवशी त्यांनी जास्वंदीच्या लाल सरबताचा भला मोठा जार आणून दिला. तो जार तेव्हापासून कधी रिकामा राहिला नाही.

आता प्रश्न होता बोलायचं काय. मुलीला अरबी येत होतं आणि शाळेपुरतं इंग्रजी. माझं इंग्रजी वर्गातलं, त्यात 'कीप क्वाएट' आणि 'शो युअर वर्किंग' याच्यापलीकडे माया दाखवायची फारशी सोय नव्हती. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकींकडे बघत बिस्किटं खाल्ली. तिसऱ्या दिवशी मला माझ्या वडिलांची आठवण झाली.

माझे वडील सांगलीत चित्रकलेचे मास्तर होते. शाळेचा प्रोजेक्टर त्यांच्या ताब्यात असायचा आणि वर्षातून दोनदा ते पांढऱ्या चादरीवर जुन्या मुक्या विनोदी सिनेमांची रिळं दाखवायचे. धावाधावी, आपटाआपटी, तोंडावर फेकलेले केक, शिडीवरून घसरणारे साहेब. शब्द एकही नाही आणि हसून हसून पोटात दुखायचं. वडील म्हणायचे, या सिनेमांची गंमत ही की यात सगळे सारखे पडतात, पोलीस पडतो, शेठ पडतो, शेठाणी पडते. मला ते फार थोर वाटायचं. पुढे वर्गातसुद्धा मी ते मुलांना ऐकवत आले.

तर तेच सिनेमे भाच्याने एका पेन ड्राइव्हवर भरून दिले होते, ते मी लावले. पाचव्या मिनिटाला ती मुलगी सोफ्यावरून खाली लोळली. तिचं हसणं खर्जातलं होतं, सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडून ते ऐकून मलाच हसू फुटलं. तेव्हापासून आमचा नेमच ठरला. साडेतीनला बेल, हातपाय धुणं, पोहे नाहीतर थालीपीठ, अभ्यास, आणि पाच वाजता सिनेमा. संध्याकाळी नवरा आला की तोही चहाचा कप घेऊन टेकायचा.

त्या ढिगात आमचे दोन सिनेमे लाडके होते. एक शिडीचा आणि एक भुताचा.

शिडीच्या सिनेमात मध्येच एक फेटेवाला येतो. म्हणजे आपला माणूस. उघडाबंब, गालापर्यंत मिशा, गळ्यात साप. उगाच डोळे वटारतो, हात हलवून काहीतरी जादू केल्यासारखं करतो आणि शेवटी स्वतःच्याच टोपलीत उलटा पडतो. लहानपणी मी त्याला हसले असेन, पण आता त्याला बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सिनेमा थांबवून मी त्या सहा वर्षांच्या मुलीला उभं राहून व्याख्यान दिलं. आम्ही असे नसतो, माझे आजोबा तारमास्तर होते, शून्य आम्ही शोधलंय, वगैरे. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "अगं, तिला अजून वजाबाकी येत नाही, शून्य कुठे काढतेस?" मी रिमोट उचलला आणि फेटेवाला पळवून टाकला.

मुलगी रिमोटकडे बघत म्हणाली, "आंटी, यू कॅन स्किप?"

"ऑफ कोर्स," मी म्हटलं. "माय हाउस, माय रिमोट."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पुढे जेव्हा जेव्हा तो सिनेमा लागला, तेव्हा मी तो भाग पळवत आले आणि ती काही न बोलता ते बघत आली.

भुताच्या सिनेमाची गोष्ट वेगळी. त्यात एक पडका बंगला, पळून आलेला नायक, चादरी पांघरलेले चोर, सरकणाऱ्या भिंती. बंगल्यात एक काळा नोकर आहे. तो भुताला घाबरतो, त्याचे गुडघे एकमेकांवर आपटतात, डोळे गरागरा फिरतात, मग त्याच्यावर पिठाचं पोतं सांडतं आणि तो पांढरा होऊन आरशात स्वतःलाच घाबरतो. मोजून तीन मिनिटांचा तो प्रकार आहे. हे मी आत्ता सांगतेय म्हणून तुम्हाला लगेच काहीतरी खटकलं असेल. मला तीन वर्षं खटकलं नाही. मी हसत होते.

तो सिनेमा लागला की मध्येच मुलीला तहान लागायची. "आंटी, पाणी," म्हणून ती उठायची, स्वयंपाकघरात जायची आणि सावकाश परत यायची. पाणी हा तिने शिकलेला पहिला मराठी शब्द. मंडळाच्या बायकांना मी ते कौतुकाने सांगायचे. नवरा एकदा म्हणाला, "हिला याच सिनेमात तहान कशी लागते गं?" मी म्हटलं, "भुताला घाबरते. त्याच्याआधी बरोबर पळते. भित्री भागूबाई." आणि आम्ही दोघं त्यावरही हसलो होतो.

तिला नऊ वर्षं पूर्ण होणार होती, तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली की वाढदिवसाला तिला मित्रमैत्रिणींना आपले सिनेमे दाखवायचेत, आंटीच्या घरी. 'आपले' म्हणाली ती. मी हरखून गेले. तिच्यासाठी केवढी मोठी गोष्ट होती ती. वर्गात ती नवी होती, आदल्याच वर्षी शाळा बदललेली, आणि पहिल्यांदाच कुणी तिच्या बोलावण्यावर येणार होतं.

"कुठला लावायचा?" मी विचारलं.

"शिडी," ती म्हणाली. "नॉट घोस्ट, आंटी. ओके?"

"अगं, शिडीचा छोटा आहे. भुताच्या सिनेमाला सगळे जास्त हसतील. आता मोठी झालीस तू, नऊ वर्षांची मुलगी कुणी भुताला घाबरते का?"

ती थोडा वेळ चटईच्या दोऱ्याशी खेळत बसली. "ओके, आंटी," म्हणाली.

शनिवारी दुपारी नऊ मुलं आली. एक फिलिपिनो, दोघं भाऊबहीण लाहोरकडचे, एक इजिप्तची, केरळच्या तिघी, एक लेबनॉनचा, आणि आमच्या मंडळातल्या माझ्या मैत्रिणीचा नातू, जो तिच्याच वर्गात होता. आमचा हॉल म्हणजे लहानसा जागतिक मेळावा झाला होता आणि त्याचाही मला अभिमान वाटला. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, बघा, वेगवेगळ्या देशांची पोरं आणि एकच हसणं, भाषेची गरज नाही. डॉक्टरबाई आत केकवर मेणबत्त्या लावत होत्या. वाढदिवसाची मुलगी म्हणून मी तिला सोफ्याच्या मधोमध बसवलं, चौघी-पाच जणींच्या बरोबर मध्ये. आणि तिच्यासमोर टीपॉयवर एक स्टीलचं भांडं पाण्याने भरून ठेवलं. तिचंच भांडं, माझ्या आईकडून आलेलं, ती माझ्या घरी दुसऱ्या कशातून पाणी पीत नाही.

"हे बघ," मी म्हटलं, "आज मध्येच उठायचं नाही. पाणी इथेच ठेवलंय."

किती मायेने ठेवलं होतं मी ते.

सिनेमा सुरू झाला. मुलं नुसती किंचाळत होती. सरकणारी भिंत आली, चादरीतले चोर आले. मग तो नोकर जिन्यावर दिसला. मुलगी उठायला लागली. मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला, हसतच, आणि तिला खाली बसवलं. "बस गं. पाणी आहे ना समोर." शेजारच्या मुलीनेही तिचा हात धरून ओढलं. ती बसली.

गुडघे आपटले. डोळे फिरले. पोतं सांडलं. मैत्रिणीचा नातू उड्या मारत ओरडला, "लुक, लुक! इट्स हर!" आणि टीव्हीवरून बोट फिरवून त्याने ते आमच्या मुलीवर रोखलं. नऊच्या नऊ तोंडं तिच्याकडे वळली आणि हसली. दुष्टपणाने नाही. त्यांना खरंच वाटलं की हा विनोदाचाच भाग आहे. मीच तर लावला होता तो.

आणि ती पण हसली. ते तिचं खर्जातलं हसणं नव्हतं. बारीक, वरच्या पट्टीतलं, दात दिसतील एवढंच. तिने दोन्ही हातांनी ते स्टीलचं भांडं धरलं होतं आणि त्यातलं पाणी हलत होतं.

 डोक्यात एकदम सगळं लख्ख झालं, इतक्या उशिरा. मला रिमोट सापडेना. उशा उलटल्या, मुलांच्या अंगाखाली शोधला, तोवर टीव्हीवर तो माणूस आरशासमोर किंचाळतच होता. शेवटी मी भिंतीतला प्लग उपटला.

"टीव्ही बिघडला," मी म्हटलं. जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून सांगत आले, आणि हे बोलले.

वळून बघते तर डॉक्टरबाई केकचा ट्रे घेऊन दारात उभ्या. कधीपासून, देव जाणे. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्या आनंदी आवाजात म्हणाल्या, "यल्ला, केक! केक!" सगळी पोरं टेबलाकडे धावली. फुगे फुटले, गाणं झालं, फोटो झाले. प्रत्येक फोटोत ती मुलगी हसते आहे.

पोरं गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो. ती हॉलमध्ये भेटींचे कागद फाडत होती. बशी धुताना माझ्या हातून दोनदा सुटली. मी म्हटलं, "डॉक्टर, मला माफ करा. माझ्या लक्षातच आलं नाही. ती पाण्याला उठायची ते..."

"मीच सांगितलं होतं तिला," त्या म्हणाल्या.

मला कळेना.

"दोन वर्षांपूर्वी ती घरी येऊन मला म्हणाली की आंटीच्या सिनेमात असा एक माणूस आहे. मी तिला सांगितलं, तेवढ्या वेळात उठून पाणी पिऊन ये."

"मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला. हो, मी त्यांच्यावरच चिडले. "मी परकी आहे का? एका शब्दात बंद केला असता!"

त्यांनी नळ बंद केला. शांतपणे हात पुसले. "तू चांगली बाई आहेस, हबीबती. म्हणून नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तू रडली असतीस, मग मी तुझी समजूत काढत बसले असते. आणि तुला वाईट वाटलं असतं तर माझी मुलगी सातपर्यंत कुठे बसली असती? परत खाली वॉचमनजवळ?"

मी रडतच होते.

"क्लिनिकमध्ये पेशंट मला बघून विचारतात, डॉक्टर कधी येणार?" त्या म्हणाल्या. "पांढरा कोट घालून मी त्यांच्यासमोर उभी असते. तेव्हा मी हात धुवायला जाते. खूप वेळ धुते. मग परत येते आणि म्हणते, बोला, काय होतंय. तिलाही शिकायला हवंच ना."

त्या गेल्या, आणि जाताना सरबताचा रिकामा जार घेऊन गेल्या. तो परत येईल की नाही, मला कळेना.

रविवारी सकाळपासून मी तो पेन ड्राइव्ह लावून बसले. पेपर तपासावेत तसे सगळे सिनेमे तपासले. ती तीन मिनिटं पुन्हा पाहिली, आणि त्याच वर्षी घेतलेल्या मोठ्या टीव्हीवर मला तो मानेपाशी दिसला, रंगाचा काठ. तो नोकर काळा नव्हताच. गोऱ्या नटाने तोंडाला काजळी फासली होती, कानामागे फासायची राहिली होती. खरे काळे नट त्याच सिनेमात होते, पण मागे, सामान उचलताना, एकदाही तोंड जवळून न दिसता. मग दिसतच गेलं. वाकून वाकून चालणारा चिनी धोबी. फक्त जाड आहे म्हणून खुर्ची मोडणारी स्वयंपाकीण. आणि माझा फेटेवाला. पडतात सगळे, वडिलांचं बरोबर होतं. पण नायक पडला की पुढच्या दृश्यात उठतो, त्याला गुलाब मिळतो, मुलगी मिळते. हे बाकीचे पडले की तिथेच राहतात. ते कधी उठले का, हे कुणी दाखवतच नाही, आणि मी अर्धशतकात एकदाही विचारलं नाही.

नवरा म्हणाला, "अगं, शंभर वर्षांपूर्वीचं आहे ते. तेव्हा तसंच होतं."

"हसलो आपण काल, तीन वर्षं हसतोय," मी म्हटलं. "शंभर वर्षांपूर्वी नाही."



मला सगळ्यात जास्त कशाचा धक्का बसला असेल तर तो याचा, की मला हे कळायला हवं होतं. लहानपणी पाहुणे माझ्याकडे बघून आईला म्हणायचे, मुलगी हुशार आहे हो, फक्त रंग जरा... आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचे. साय-हळदीचे लेप लावून मी कितीतरी रविवार उन्हात बसले आहे. पाहुणे आले की मलासुद्धा विहिरीवर काम निघायचं. फेटेवाला मला पहिल्या फटक्यात दिसला, कारण तो माझा होता. आणि तिच्यासमोर मी ताठ मानेने म्हटलं होतं, माय हाउस, माय रिमोट. म्हणजे तिला तीन वर्षं माहीत होतं की आंटीला पळवता येतं. आंटी स्वतःचं पळवते. तिचं नाही.

सोमवारी साडेतीन वाजले. मी दारापाशीच उभी होते. तीन पस्तीस झाले. लिफ्टचा आवाज झाला आणि दुसऱ्याच मजल्याला गेला. तीन चाळीसला बेल वाजली.

ती आत आली, बूट काढले, हातपाय धुतले. हातात सरबताचा जार होता, भरलेला. मी पोहे दिले, तिने खाल्ले. अभ्यास झाला. पाच वाजले. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, बसताना गुडघे करकरले. म्हटलं, "आय ॲम सॉरी, बेटा. आंटी हसली. आंटीने तुला उठू दिलं नाही." तिने मान हलवली, 'हो' आणि 'असू दे' यांच्या मध्येच कुठेतरी. मी रिमोट तिच्या हातात दिला. "आजपासून हा तुझा. नको असेल तर बंद कर. वाटलं तर काहीच लावू नकोस."

तिने थोडा विचार केला आणि शिडीचा सिनेमा लावला. मी तिच्या शेजारी बसले, पण माझं चित्त काही सिनेमात नव्हतं. मी तिच्याकडेच बघत होते. साहेब घसरले, ती थोडीशी हसली. बादली कुणाच्यातरी डोक्यावर बसली, पुन्हा थोडीशी हसली.

मग तिने सिनेमा थांबवला. मला वाटलं, झालं, आता ही घरी जाणार.

"आंटी," ती म्हणाली, "युअर पार्ट इज कमिंग."

आणि फेटेवाला दिसायच्या आत तिने तो पळवून टाकला. मग उठली, स्वयंपाकघरात गेली आणि माझ्यासाठी त्या स्टीलच्या भांड्यात पाणी घेऊन आली.